श्रावस्तीनं पावर कमी केली

खरं सांगतो, श्रावस्तीचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून जळतं.

मी वैजनाथ. कळंब-ढोकी मायक्रोवेव्ह लिंक म्या अठरा वर्षं तळहाताच्या फोडागत जपली. लिंक म्हंजे दोन टॉवरवरच्या दोन थाळ्या. एकीतून दुसरीत हवेतून डेटा जातो. डेटा तुटला की पावर वाढवायची, हा माझा एकच मंतर. इन्चार्जची जागा निघणार होती, अन् ती माझीच, असं म्या बायकोलाबी सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात ही आमच्या हापिसात नवीन लागली, आयत्या बिळावर नागोबा! लेकीच्या वयाची. बाप पिराजी, लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणारा. त्या हप्त्यात डेटा सारखा तुटत होता. म्या पावर पार टोकाला नेलेली, तरी डेटातल्या चुका वाढतच होत्या. हिनं स्क्रीन बघितली अन् पावर सरळ कमी केली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" मी ओरडलो.

"काका, आमचे बाबा म्हणतात, आवाज फुल केला की भोंगा फाटतो. लांबवर ऐकू जातं, पण शब्द कळत न्हाईत. सिग्नल मोठा करणाऱ्या ह्या ॲम्प्लिफायरचंबी तसंच. ताकदीबाहेर ताणला की सिग्नलचा आकारच मोडतो."

चुका शून्यावर आल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची वाहवा केली. माझी अठरा वर्षांत एकदाबी न्हाय! माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

इन्चार्ज ठरायच्या दिवशी, साहेब यायच्या आधी, म्या गुपचूप पावर परत टोकाला नेली. साहेब येऊन बसले तवा डेटा तुटतच होता. पण कुणी काय बदललं त्याची नोंद यंत्रात राहते, हे माझ्या टाळक्यातच आलं न्हाय. स्क्रीनवर माझंच नाव.

"वैजनाथ, हे मुद्दाम केलंत?" साहेबांचा आवाज चढला. व्हय म्हटलं तर नोकरीच जाणार.

माझ्याआधी श्रावस्तीच बोलली, "मुद्दाम कशाला करतील, साहेब? पावर वाढवली की बिघडतं, हे काकांना माहीत नसंल." तिच्या तोंडावर जराबी कपट न्हवतं, त्याचाच जास्त राग आला.

"व्हय साहेब, माहीत न्हवतं," मी मान खाली घालून म्हणालो.

इन्चार्ज ती झाली. आता रोज सकाळी ती मला शिकवते अन् मी वहीत लिहून घेतो. तिला कसं सांगू? अठरा वर्षांत त्या यंत्रातलं पहिल्यांदा कायतरी नीट कळलं होतं, तेबी तिच्याच तोंडून. कळलं होतं म्हणूनच केलं.