यादी अंतिम आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी चोरून खाल्लेला तंबाखूचा खर्रासुद्धा वासावरून कळतो.

मी निवृत्त कारकून, महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहतो. नोकरीची शेवटची वर्षं शहीद स्मारकाच्या निधीच्या टेबलावर गेली. स्मारक म्हटलं की लोकांना बिगुल आठवतो, मला अंदाजपत्रक आठवतं. सरकार स्मारक बांधतं कसं? आधी अंदाजपत्रक, मग मान्यता, मग पहिला हप्ता. तो खर्च झाल्याचं प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही, आणि मार्चअखेर उरेल ते परत जातं. नावं कोरण्याचा दर तर अक्षरागणिक होता. हो — शहिदाच्या नावालाही अक्षरं मोजून मंजुरी लागते. म्हणून यादी एकदा अंतिम झाली की झाली.

त्या यादीसाठी खापा गावच्या यमुनाबाई यायच्या. त्यांचा सुभाष सीमेवर कामी आला होता, पण त्याच्या पलटणीकडून पडताळणीचं पत्र येत नव्हतं. एसटीनं यायच्या, दाराजवळच्या बाकावर बसायच्या आणि एकच विचारायच्या — "माह्या पोराचं पत्र आलं का जी?" मी मान वर न करता नाही म्हणायचो. तेव्हा ते खरंच आलं नव्हतं.

मग आलं. मार्च संपायला चार दिवस उरले होते, आणि माझ्या सहीची अंतिम यादी आदल्याच दिवशी वर गेली होती. एक नाव वाढवायचं म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, नवी मान्यता — तोवर निधी परत. साहेबांनी दमच दिला होता, पैसा परत गेला तर बघा. मी काय करायला हवं होतं? पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायला हवं होतं, एवढंच. त्यांनी कदाचित काही मार्ग काढलाही असता. मी ते पत्र एका बंद झालेल्या फायलीत लावलं, कपाटाला कुलूप घातलं आणि चहाला गेलो.

पण मला सांगायचंय ते हे नाही. अशी पत्रं दाबणारे कारकून पुष्कळ असतात — असं स्वतःला सांगत मी इतकी वर्षं काढली. खरं ते पुढचं आहे.

उद्घाटनाचा दिवस. भाषणं संपली, मांडव रिकामा झाला, तेव्हा यमुनाबाई झेंडूचा हार घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "कुठी हाये जी माहा सुभाष?" त्यांनी विचारलं. बाई, नाही तो इथे, मीच ठेवला नाही — हे माझ्या ओठांवर आलं होतं. की तेही आलं नव्हतं? मी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्याच एका जवानाच्या नावावर ठेवला. खालच्या ओळीतलं नाव, त्यांचा हात पुरेल असं. त्याच्या घरचं त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

त्यांनी एकेक अक्षर बोटानं चाचपलं. मग रडल्या. मग म्हणाल्या, "लय चांगलं कोरलं जी. तुमचे उपकार हायेत." आणि वाकून माझ्या पायाला हात लावू लागल्या — माझ्या आईच्या वयाची बाई. मी मागे सरलो.

त्यानंतर दरवर्षी उद्घाटनाच्या तारखेला त्या यायच्या. मी निवृत्त झालो तरी त्या दिवशी तिथे जाऊन उभा राहायचो, दुसरं कुणी त्यांना नाव वाचून दाखवू नये म्हणून. हा माझा पहारा.

यंदा त्या आल्या नाहीत. खाप्याहून कळलं, उन्हाळ्यातच गेल्या.

हार मी नेला होता. पत्र अजून त्या फायलीत असेल, फायलीचा क्रमांक मला पाठ आहे. आणि मला वाचता येतं. तरी हार मी त्याच नावाला घातला.