काठीपुरती चीर

सेंटरिंग ठोकून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट यायचं होतं. तेवढ्यात बबनतात्या आळीतल्या चौघांना घेऊन आले आणि वर बघत म्हणाले, "मॅडम, हे काढावं लागंल."

सेंटरिंग म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरणारा फळ्यांचा साचा. 'हे' म्हणजे अस्लमभाईंच्या घराची नवी बाल्कनी.

नारायणगावला माझं सिव्हिलचं ऑफिस आहे. येडगाव धरणाच्या अलीकडच्या एका गावात, कौलारू घरांच्या आळीत, अस्लमभाई आणि यास्मिनभाभींचं घर आम्ही मॉडर्न करत होतो. करडी भिंत, मोठ्या खिडक्या, काचेचं रेलिंग. नवराबायको दोघंही शिंपी. बाल्कनी हा भाभींचा हट्ट. जन्म मशीनवर मान खाली घालून गेला, आता वर बसून आळी बघत चहा प्यायचा, असं त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं.

बबनतात्या यात्रेत देवाची काठी धरतात. ही उंच काठी दरवर्षी अस्लमभाईंच्या ओट्यावर उभी राहते. त्यांच्या घरचं नवं कापड तिला बांधतात, मगच ती देवळाकडे निघते. हा मान त्यांच्या आजोबांपासूनचा. देवळात पोचेपर्यंत काठी तिरपी करायची नाही. आणि बाल्कनी नेमकी ओट्याच्या डोक्यावर. जागा त्यांची, परवानगी रीतसर. फक्त काठीला वर आभाळ उरलं नव्हतं.

काठी ओट्याखाली रस्त्यावर उभी केली तर, असं मी विचारलं. "मान वट्याचा हाय, रस्त्याचा नाय," तात्या म्हणाले.

"बाल्कनी नगं मग," अस्लमभाई म्हणाले. "काठी दुसऱ्याच्या दारी गेली तर आळीत तोंड दाखवता यायचं नाय मला."

भाभी आत गेल्या. मी डायरी काढली. एक, काँक्रीटवाल्याला फोन. दोन, फळ्या उतरवणे. तिसरं लिहिण्याआधी भाभी अर्धा शिवलेला कुर्ता घेऊन बाहेर आल्या.

"मॅडम, डोकं जात नसलं तर आमी कुर्ता टाकून देतो का? गळ्याला चीर देतो. तुमच्या स्लॅबला देता येत नाय व्हय?"

तात्या हसले. "भाभी, चीर जरा ढिली ठेवा. काठी आमच्यावानी हाय, दरसाल जाड व्हती."

चीर देता येत होती. समोरच्या कडेपासून आत ओट्याच्या मध्यापर्यंत, काठी उभीच्या उभी आत यावी एवढी. पण खाचेच्या कोपऱ्यातून काँक्रीट तडकतं. म्हणून तिथे जादा तिरप्या सळया घालतात. भाभींना हे सांगितलं तर म्हणाल्या, चिरेला पट्टी लावतात तसंच की. मी डिझाइन पुन्हा तपासलं, साचा बदलला आणि काचेचं रेलिंग खाचेभोवती वळवून घेतलं.

यात्रेच्या दिवशी तात्यांनी काठी आत आणली. कुठे घासली नाही. पूर्वी कापड बांधायला शिडी लावायचे; या वेळी भाभींनी वरूनच, उभ्या उभ्या गाठ मारली. हलगीवाल्यांनी आळी दणाणून सोडली.

"लई झ्याक जमलं राव," तात्या वर बघून म्हणाले.

मग गाठ जवळून बघायला अख्खी आळी बाल्कनीत चढली. भाभींनी चहा आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून प्यायला.

साइट व्हिजिटच्या माझ्या यादीत आता एक प्रश्न वाढला आहे: वर्षातून एकदा तुमच्या दारी कोण येतं, आणि ते किती उंच असतं? शिवाय बाल्कनीवर किती माणसं चढतील हे मालकाला विचारत नाही. मीच आळीतली माणसं मोजते.