पेन ड्राइव्हची उत्तरपूजा

मी पूजा केलेली कुठलीही वस्तू आजवर बंद पडलेली नाही. कॉम्प्युटरही बंद पडला असं म्हणता येणार नाही, कारण तो आधी सुरूच झाला नव्हता.

हा कॉम्प्युटर आमच्या सुनेने, प्राचीने, सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. बोरीवलीच्या आमच्या घरात जेवायचं टेबल एकच, त्यामुळे तो जोडून होईपर्यंत आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. तिला नवीन नोकरी लागली होती, घरी बसून करायची. जुन्या कंपनीने आपला लॅपटॉप परत घेतला आणि नवी म्हणाली, मशीन तुमचं तुम्ही बघा. सोमवारी सकाळी नऊला पहिली मीटिंग, मुलगा कामासाठी नाशिकला. म्हणजे रविवारीच ह्या डब्यात जीव यायला हवा होता.

"आता काय राहिलं गं?" मी विचारलं.

"ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, आई. त्याशिवाय हा नुसता पत्रा. सगळं ह्या पेन ड्राइव्हमध्ये घेतलंय. हा लावायचा, चालू करायचं, की ते मशीनमध्ये उतरतं."

तिने पेन ड्राइव्ह खोचला आणि बटणाकडे हात नेला. तो मी वरच्यावर धरला. आमच्याकडे मिक्सरसुद्धा हळदकुंकवाशिवाय फिरलेला नाही. (गीझरच्या पूजेला मी स्टुलावर चढले होते. उतरवायला दोघं लागले.) तबक आणलं. डब्याला हळदकुंकू, फूल, अक्षता. पेन ड्राइव्ह नाक बाहेर काढून बसलेला, त्यालाही बोट टेकवलं. यांनी नारळ फोडला. मग मी बजावलं, "मांडलेली पूजा हलवायची नाही हं. उत्तरपूजा उद्या सकाळी. तोवर जे जिथे आहे, ते तिथेच."

"चालेल आई," प्राची म्हणाली. गुणी मुलगी. तिथेच वाट लागली.

बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, भाषा निवडा. तिने निवडली. टक्के चढत चढत शंभर झाले आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालं. आम्ही तिघं पुढे सरसावलो. स्क्रीनवर आलं, भाषा निवडा.

"मघाशी सांगितली ना त्याला?"

"माझंच काहीतरी चुकलं असेल, आई."

परत निवडली. परत टक्के, परत शंभर, परत बंद, परत चालू. भाषा निवडा.

"ह्येका इसारपाचो रोग लागलो आसा," हे म्हणाले. (मालवणकडचे. रोगनिदान आईच्या भाषेतच करतात.)

प्राची मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होती. वाचता वाचता थांबली. पेन ड्राइव्हकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, उत्तरपूजा आज संध्याकाळी चालते का?"

"घाई कसली? सकाळी आंघोळ करून करू की."

"नाही, सहज विचारलं."

मग तिने नवीनच काहीतरी सुरू केलं. मशीन चालू झालं रे झालं की कीबोर्डवरचं एकच बटण टकाटक बडवायचं. "सेटिंग बदलून बघतेय," म्हणे. पण कितीही बडवलं तरी स्क्रीनवर तेच, भाषा निवडा. पोरीचा चेहरा उतरला. आता मात्र मला खात्रीच पटली.

"नजर लागलीय," मी म्हटलं. "कुणीतरी बिल्डिंगभर सांगितलं असणार, सुनेने कॉम्प्युटर बनवला म्हणून."

"कोणी सांगितल्यान?" यांनी विचारलं.

मी लगबगीने मोहरी, मीठ आणि लाल मिरच्या घेतल्या. डब्यावरून ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. असा ठसका उठला की हे गॅलरीत पळाले, आणि समोरच्या बिल्डिंगमधूनही कुणीतरी खोकलं. कॉम्प्युटरवर ढिम्म परिणाम नाही. भाषा निवडा.

शेवटी डोळे पुसत प्राची म्हणाली, "आई, नजर नाही लागलेली. एकदा सगळं उतरलं की पेन ड्राइव्ह काढायचा असतो. तो लावलेला असेपर्यंत मशीन दर वेळी आधी त्याच्याकडेच जातं आणि पहिल्यापासून सुरू करतं."

"मग काढ की."

"तुम्ही पूजा मांडलीय ना."

उद्याची नोकरी धोक्यात घालून ही मुलगी मिरच्यांचा धूर खात बसली होती, कशासाठी, तर माझा शब्द मोडायला नको म्हणून.

"अगं वेडे, देव समजून घेतो."

"देव घेईल हो. मला तुमचं टेन्शन होतं."

मी हात धुतले, पेन ड्राइव्हवर अक्षता वाहिल्या आणि सवयीने तोंडातून निघालं, "पुनरागमनाय च..."

"आई, नको! दुपारपासून तेच चाललंय."

मग मुकाट्याने नमस्कार केला, पेन ड्राइव्ह जागेवरच जरासा हलवला आणि उपसून काढला. मशीन पुन्हा चालू झालं. थोडा विचार केला त्याने. आणि चक्क तिचं नाव विचारलं. प्राचीने नाव टाइप केलं आणि मला मिठी मारली. धुरामुळे दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे वेगळं काही दिसलं नाही.

सोमवारी नऊ वाजता मी कुकरसुद्धा लावला नाही. स्वयंपाकघरात श्वास रोखून ऐकत होते. तिच्या साहेबांनी विचारलं, "घरी काही टेक्निकल अडचण आली तर मदतीला कोणी आहे का?"

"आहेत ना सर, माझ्या सासूबाई," प्राची म्हणाली. "त्यांनी उत्तरपूजा केली की सगळं सुरू होतं."