दातानं फोडलेली सुपारी

चांदूर बाजारहून आत वळलं की संत्र्याच्या बागा लागतात आणि बागा संपल्या की खुशालरावांचं गाव. गावाला देऊळ आहे, शाळा आहे, पाण्याची टाकी आहे, पण पंचक्रोशीत नाव आहे ते खुशालरावांच्या दातांचं. बहात्तराव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस शाबूत. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि मोजायला त्यांच्या तोंडाजवळ जायची कुणाची हिंमत नव्हती.

हे दात नुसते जेवायच्या कामाचे नव्हते. वऱ्हाडात सोयरीक पक्की झाली की सुपारी फोडतात. दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, बोलणी होतात, मग सुपारी फुटते आणि एकदा फुटली की कुणी मागं फिरत नाही. इतर गावांत ती अडकित्त्यानं फोडत असतील, दगडानं फोडत असतील. या गावात ती खुशालराव दातानं फोडत. अख्खी सुपारी उजव्या दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे आणि 'कट्ट'! बायका म्हणणार, "फुटली वं माय!" मग पहिला तुकडा विड्याच्या पानावर ठेवून नवरदेवाच्या बापाच्या हाती. खुशालरावांनी फोडलेल्या सुपारीचं लग्न मोडत नाही, असा लौकिक होता. दोन मोडली होती. पण त्या सुपाऱ्याच किडक्या होत्या, असा निकाल खुशालरावांनी स्वतःच देऊन टाकला होता.

दातांवर त्यांचं एक व्याख्यानही असे. न विचारता मिळे. "आमी कधी बुरूश हातात धरला नाई. राखुंडी अन् मीठ, बस! बुरूश घासनारे पाहा, सारे दवाखान्यात बसले हायेत." राखुंडी ते अशी घासत की शेजारी बसलेल्याला वाटावं, हा माणूस करपलेली कढई खरवडतो आहे. तोंड धुतलं की लगेच डाव्या गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो गोळा मग दिवसभर तिथंच मुक्कामाला असे. "दाताले कसरत पायजे," असं त्याचं शास्त्रीय कारण होतं. रात्रीसुद्धा ते खर्रा तोंडात ठेवूनच झोपत, म्हणजे झोपेतही कसरत. या निगेनं त्यांच्या दातांना एक रंग चढला होता, थेट सुपारीचा. त्याचाही त्यांना अभिमानच होता.

तर अशा या बत्तिशीतली उजवी दाढ एका हिवाळ्यात ठणकायला लागली. पहिले चार दिवस खुशालरावांनी ती ठणकते आहे हेच मान्य केलं नाही. मग लवंग धरली, मग हिंग भरला, शेवटी तंबाखूची चिमूट दाबली. दाढ ऐकेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या नातीचं, करिश्माचं ठरलं. मुलगा भातकुलीचा, नाव श्याम, पंचायत समितीत नोकरीला. त्याचे वडील वामनराव घरी येऊन हात जोडून म्हणाले, "पाहुणे, सुपारी तुमच्याच दातानं फुटली पायजे. आमी लय आयकून हावो."

खुशालराव हसले आणि त्यांच्या कानापर्यंत कळ गेली.

करिश्मा ही त्यांची जीव की प्राण. आई लवकर गेलेली पोर, आजोबांच्या खांद्यावर वाढलेली. तिची सुपारी फुटली नाही तर? ज्यांच्या दातानं फोडली की लग्न टिकतं, त्यांच्याच दातानं सख्खी नात नापास झाली, म्हणजे वामनराव काय समजणार? अपशकुन! तीस वर्षं ज्या थापा त्यांनी गावाला चारल्या, त्या आता त्यांनाच गिळाव्या लागणार होत्या. अडकित्ता घ्यावा, हा विचार एकदा मनात आला. पण मग शेजारचा बंडू डोळ्यांपुढं आला. बंडूचे समोरचे चार दात पडलेले, आणि त्यावरून खुशालरावांनी त्याला बारा वर्षं चिडवलेलं. विचार तिथंच विझला.

शेवटी ते दवाखान्यात गेले. अमरावतीला नाही, तिथं अर्धं गाव भेटतं. थेट अकोल्याला गेले, तोंडाला दुपट्टा बांधून. नाव विचारलं तेव्हा बेधडक बंडूचं नाव सांगितलं.

डॉक्टर दामिनी म्हणून तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तोंड उघडा आणि तीन बोटं एकावर एक धरून आत घाला." खुशालरावांची दोनच गेली, तीही अडकत.

"खर्रा किती वर्षांपासून?"

"थो काय मोजाची गोष्ट हाये?"

बाईंनी आरसा घातला, दिवा लावला आणि एकेक दात ठोकून पाहिला. गावात इतक्या जवळून खुशालरावांचे दात कुणी पाहिले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "बंडूकाका, उजवी दाढ उभी चिरली आहे. बाकीचे दात झिजून गेलेत, हिरड्या सुटल्यात. राखुंडीनं दात साफ होत नाहीत, घासून संपतात."

"मॅडम, आपन रोज भांडे घासतो, थे काय संपते?"

"संपतात. उशिरा कळतं एवढंच." आणि त्यांनी सांगून टाकलं. सकाळी आणि झोपायच्या आधी, मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, दोन मिनिटं. जेवल्यावर खळखळून चूळ. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. "आणि खर्रा आजपासून बंद. तोंड आताच उघडत नाही, उद्या घास जाणार नाही. आत पांढरे चट्टे आहेत, ते तपासायला हवेत. या दाढेनं तर कडक भाकरसुद्धा खाऊ नका."

"अन् सुपारी?"

बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की खुशालरावांनी पुढचं विचारलं नाही. गोळ्या घेतल्या, "सुपारी झाल्यावर येतो," एवढं पुटपुटले आणि बाहेर येऊन पहिल्या पानठेल्यावर खर्रा घोटायला सांगितला.

सुपारीच्या दिवशी मांडवात सव्वाशे माणूस. खुशालरावांनी ठरवलं होतं की या खेपेला डाव्या बाजूनं फोडायची. आधी त्यांनी एक विडा खाल्ला, धीर यायला. सुपारी तोंडात टाकली, डोळे मिटले. पण तीस वर्षांची सवय ती. जिभेनं इमानदारीनं सुपारी उजवीकडेच नेऊन ठेवली. खुशालरावांनी कचकन दाबलं.

कट्ट!

"फुटली वं माय!" बायका ओरडल्या. डफडं वाजलं. कुणी गुलाल उधळला.

फुटलं होतं खरं. फक्त सुपारी जशीच्या तशी होती. खुशालरावांच्या जिभेवर आता एक अख्खी सुपारी आणि एक अर्धी दाढ होती, आणि समोर वामनराव विड्याचं पान पसरून उभे होते. कळ अशी होती की डोळ्यांतून धारा लागल्या. "नातीसाठी रडून राहिले आबाजी," असं कुणीतरी म्हणालं आणि चार बायकांनी पदर डोळ्याला लावला. खुशालरावांनी कोपऱ्यात बसलेल्या करिश्माकडं पाहिलं. पोरगी हसत होती, श्यामकडं चोरून बघत होती. सुपारी त्यांनी हळूच डाव्या गालात सारली. तो गाल कायमच फुगलेला, कुणाला काय नवल वाटणार? आणि दाढ पानावर ठेवली.

विड्यानं लाल झालेली, खर्ऱ्यानं पन्नास वर्षं रंगवलेली ती दाढ सुपारीपेक्षा जास्त सुपारी दिसत होती. वामनरावांनी ती कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि म्हणाले, "लय टनक हाये."

लग्न थाटात झालं. अर्ध्या दाढेच्या जोरावर खुशालरावांचा लौकिक आणखी वाढला.

चार महिन्यांनी ते नातीला भेटायला भातकुलीला गेले. हातपाय धुतल्यावर वामनराव त्यांना कौतुकानं देवघरात घेऊन गेले. "पाहा पाहुणे, जपून ठेवली." अन्नपूर्णेच्या शेजारी चांदीच्या वाटीत, हळदकुंकवानं माखलेली, खुशालरावांची दाढ. रोज सकाळी तिला पाणी, मग गंध, मग फूल. तोंडात होती तोवर त्या दाढेचं असं कुणी काही केलं नव्हतं. वामनराव आग्रहानं म्हणाले, "हात जोडा नं, तुमच्याच दाताची पुन्याई हाये." खुशालराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आपल्याच दाढेला नमस्कार केला. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

दुपारी करिश्मानं त्यांच्यासाठी भाकर दुधात कुस्करून आणली. खुशालराव दचकले. त्यांनी दात दुखतो असं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कुस्करली काहून?"

करिश्मानं दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आबाजी, देव धुवाचं काम या घरी माह्याकडं हाये. पयल्याच दिवशी म्या ते धुतली. सुपारीले मूळ नसते."

खुशालराव दुधातली भाकर उगाच बोटानं ढवळू लागले.

"मामंजीले सांगितलं नाई म्या. तुमची मान खाली जाईन, म्हनून रोज तिले फूल वाहतो." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "थैलीत चिठ्ठी सापडली तुमची. अकोल्याच्या दवाखान्याची, बंडूकाकाच्या नावाची. उद्या आपन तिथंच जाऊन राहिलो. अन् खर्ऱ्याची पुडी द्या इकडं."

खुशालरावांनी पुडी दिली. खिशातली दिली, मग बंडीतली दिली, मग तिनं नुसतं पाहिलं तेव्हा चपलेच्या पिशवीतलीही काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपाशी उभं राहून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ब्रश हातात धरला. देवघरात करिश्मा दाढेला आंघोळ घालत होती, आणि तिथूनच ओरडत होती, "हलक्या हातानं, आबाजी! कढई नाई ते!"