एच, ए, वाय
आज कीबोर्ड पुसताना फडक्यावर औष्णिक वीजकेंद्राची राख आली आणि परळीतला आमचा लिस्प या संगणकभाषेचा वर्ग आठवला. ज्याचा प्रोग्रॅम आधी चालेल, त्याला सर लॅबमध्ये मदतनीस ठेवणार होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला ती नोकरी हवीच होती. नाहीतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जावं लागणार होतं. सर म्हणाले, "स्क्रीनवर हाय छापा." आम्ही कंस जुळवत बसलो आणि तिचा प्रोग्रॅम चाललासुद्धा. पडद्यावर आलं एच, ए, वाय. सर वाकले. "अगं, इंग्रजीत ह्याला कडबा म्हणतात. बैलं बांधलीत का हितं?" वर्ग खदखदून हसला. "सर, तुमीच हाय म्हनलात. आमी बोलतो तसंच लिवलं. पर चाललाय न्हवं?" "चाललाय ना. आता तू बी चाल." दुपारपर्यंत तिचं नाव कडबा पडलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सरांनी तिच्याच प्रोग्रॅममधलं स्पेलिंग सुधारलं, वर माझं नाव टाकलं आणि जागा मला दिली. आता तो वर्ग मीच चालवते. पहिला प्रोग्रॅम तोच देते, फक्त स्पेलिंग आधी फळ्यावर लिहून ठेवते.