उखाण्याऐवजी

बाळांनो, काल टीव्हीवर तुमच्याकडच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी नवऱ्यामागे उभी राहून नुसता हात हलवताना दिसली, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या लहानपणी मुख्यमंत्र्यांच्या पत्नी आमच्या गावी हळदीकुंकवाला आल्या होत्या. बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "साहेबांचं नाव रोज पेपरात येतं. तुम्हाला काय हवं ते सांगा."

मग माझी आई उठली. "बाळंतपणासाठी दवाखाना हवा. माझी बहीण बैलगाडीतच गेली."

"अगं, आज कसलं बोलतेस हे!" मागून कुणीतरी दटावलं.

बाईंनी मात्र आईला शेजारी बसवून सगळं विचारलं. सत्तेशेजारी बसणारीने ऐकावं आणि घरी जाऊन भांडावं. त्या भांडल्या असणारच, कारण पुढे गावात दवाखाना झाला. तुमचा बाबा त्याच दवाखान्यात जन्मला. तो दवाखाना अजून चालू आहे.