तेलाने भरलेले जहाज आणि हेमंतच्या वाट्याचा रोट

साताऱ्याहून निघताना मी पिशवीत दोन गोष्टी आठवणीने घातल्या: मैत्रिणीच्या नातवासाठी शिवलेले झबले आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र. पहिल्या पानावर बातमी होती. जगात खनिज तेल गरजेपेक्षा फार जास्त निघत आहे, ते साठवायला टाक्या पुरेनाशा झाल्या आहेत आणि भाव घसरत आहेत. मी नोकरीभर भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवले. पुरवठा वाढला की भाव उतरतो, हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिले असेल, त्याची गणती नाही. त्यामुळे बातमी वाचून मला बरेच वाटले. आता प्रवास स्वस्त होणार, एवढाच अर्थ मी तिच्यातून काढला आणि गाडीत निवांत झोपले.

भुसावळ स्थानकावर भिकन उभा होता. अध्यापक विद्यालयापासूनची माझी मैत्रीण पुष्पा धुळ्याजवळ पांझरेच्या काठी राहते. भिकन हा तिचा भाचा. त्याची स्वतःची मालवाहू पिकअप आहे. रावेरची केळी धुळ्याच्या बाजारात नेणे, हा त्याचा धंदा.

"ताई, आधी रावेरले जाऊ, माल भरू, मंग मावशीकडे," तो म्हणाला. "गाडीत एसी नही. पन केळं खायाले मिळतीन, पोट भरी!"

रावेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा आणि त्यांच्यामागे सातपुड्याची निळी कड. ज्या बागेत आम्ही थांबलो, तिचे मालक सुपडू आबा यांनी आम्हाला बांधावरच बसवून चहा दिला. त्यांच्या पाठीमागे केळीचे घड ढिगाने टाकलेले होते. फळ चांगले, न डागाळलेले. दोन म्हशी आरामात ते खात होत्या.

मी हबकले. "आबा, हे असे का?"

"एकाच वेळी साऱ्या बागा कापणीला आल्या, ताई. ट्रक कमी, माल जास्त. पिकलेलं केळ थांबत नाही," आबा शांतपणे म्हणाले. "म्हशींची दिवाळी आहे सध्या."

माझा फळ्यावरचा नियम इथे तंतोतंत लागू होता. तरी त्या ढिगाकडे माझ्याने फार वेळ पाहवले नाही.

जळगाव, एरंडोल मागे पडले. पारोळ्याच्या पुढे भिकनने डिझेल भरायला गाडी वळवली. मी उत्सुकतेने पंपावरचा दरफलक पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. साताऱ्यात महिन्यापूर्वी होता तसाच दर, जवळजवळ पैशापैशाला.

"अरे, पण तेलाचा भाव तर उतरला आहे. पेपरात आले आहे," मी म्हणाले.

"पेपर त्या पंपले वाची दाखाडा ना, ताई!" भिकन इतका हसला की नळी धरलेला माणूसही हसू लागला. "तेल महाग व्हयनं की आठे (इथे) दुसऱ्या दिवशी समजस. स्वस्त व्हयनं की पत्ताच लागत नही."

वाचकांसाठी इथे थोडे सांगते, कारण मी गाडीत बसल्यावर मनाशी हाच हिशेब जुळवत होते. पंपावरचा दर म्हणजे नुसत्या कच्च्या तेलाचा दर नव्हे. त्यात शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि केंद्र व राज्य अशा दोन्ही सरकारांचे कर मिळवलेले असतात. कच्चे तेल उतरले तरी ती उतरण वाटेतच कुठेतरी जिरू शकते. हे मला ठाऊक होते. पण म्हशींपुढचे घड नुकतेच पाहिलेल्या डोळ्यांना तो न हललेला आकडा चमत्कारिक वाटला.

संध्याकाळी पुष्पाच्या घरी पोहोचलो. अंगण सारवलेले, भिंतीला ताजा चुना. रविवारी कानबाई होती. खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरोघरी बसते आणि भाऊबंद एकत्र येतात. यंदा घाई दुहेरी होती. पुष्पाचा मुलगा हेमंत तेलवाहू जहाजावर काम करतो. तो समुद्रावर असताना त्याला मुलगा झाला. बाळ आता बसू लागले होते आणि बापाने त्याला अजून मांडीवर घेतले नव्हते. हेमंतचा करार संपला होता, शनिवारपर्यंत तो येणार होता.

शनिवारी सकाळी पुष्पाचे यजमान, नाना, सूप पुढे घेऊन बसले. कानबाईच्या रोटासाठी (मोजून दळलेल्या गव्हाची जाड पोळी) घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. या घराची रीत आणखी कडक आहे: जो घरी बसून खाणार, त्याचीच मूठ घ्यायची. एकदा मोजलेल्या धान्याचा रोट घरच्यांनीच आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. पाहुण्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही.

नानांनी स्वतःची मूठ टाकली, धाकट्या भावाची टाकली, मग बाळाची. सून मनीषा दाराशी उभी होती. तिने हळूच विचारले, "नाना, यास्नी (यांची)?"

"टाकतो ना. तो येनार शे."

"अहो, पाय घरात पडू द्या आधी," पुष्पा म्हणाली. "मोजलं की खावं लागेल."

"मना आंडोर शे (माझा मुलगा आहे). येनार म्हने, म्हंजे येनार." नानांनी हेमंतची मूठ घेतली, वर पाव घातली, आणि गहू दळायला गेले.

दुपारी हेमंतचा व्हिडिओ फोन आला. मागे कठडा दिसत होता, मला वाटले बंदर असेल.

"मी येत नाही, नाना."

मग त्याने फोन फिरवला. समुद्रावर जहाजे उभी होती. एक, त्यामागे दुसरे, क्षितिजापर्यंत. सगळी भाराने पाण्यात खोल बसलेली, सगळी स्थिर.

"हे बठ्ठं (सगळं) तेल शे. घ्यायला कोणी नाही," तो म्हणाला. मी शिक्षिका असल्याचे त्याला माहीत होते, म्हणून मला नीट समजावून सांगू लागला. आज भाव कमी, काही महिन्यांनी जास्त मिळेल असा व्यापाऱ्यांचा होरा. तोवर माल विकण्यापेक्षा जहाजातच धरून ठेवणे त्यांना परवडते. जहाज बंदराच्या हद्दीबाहेर नांगरले आहे, कारण आत आणले की बंदराचे शुल्क भरावे लागते. हेमंतच्या जागी येणारा माणूस किनाऱ्यावर येऊन थांबला आहे, पण जहाज आत जात नाही, म्हणून बदली होत नाही.

"मग तेल काढणे थांबवत का नाहीत?" मी विचारले.

"चालू विहीर बंद केली तर पुन्हा तसा दाब मिळेलच असं नाही, मावशी. म्हणून उपसा चालूच. नव्या विहिरी तेवढ्या खोदत नाहीत. आपल्या शिंदखेड्याचे दोघे विहिरी खोदणाऱ्या रिगवर होते, त्यांना घरी पाठवलं. ते रडत गेले. आणि मला घरी सोडत नाहीत."

एकाच तेलाने कोणाला घरी हाकलले होते आणि कोणाला घरापासून दूर अडकवले होते.

मनीषाने बाळाला फोनसमोर धरले. बाळाने हात मारून फोन पाडला. फरशीवरून आवाज आला, "दखा, बापले मारस!" सगळे हसले. मनीषा बाळाला उचलून आत गेली.

रविवारी कानबाई बसली. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, पुरणपोळी. मी सारे काही पोटभर जेवले. सोमवारी वाजतगाजत विसर्जन झाले आणि घरचे रोट खायला बसले. मी पाहुणी, म्हणून ओट्यावर. दारातून सारे दिसत होते. हेमंतच्या वाट्याचा रोट ताटात वेगळा होता.

"मी खातो," नानांचा धाकटा भाऊ म्हणाला.

"हात लावू नको. मी मोजला, मीच खाईन," नाना म्हणाले.

नाना एरवी अर्ध्या भाकरीवर उठतात. त्या दिवशी स्वतःचा रोट खाऊन ते हेमंतच्या ताटाकडे वळले. दुधात कुस्करून, एकेक घास, खाली मान घालून. पुष्पा दोनदा म्हणाली, "पुरे, उद्या खा." थोडा तुकडा उरला, तेव्हाच ते थांबले. तो त्यांनी झाकून ठेवला. अजून पौर्णिमा आलेली नव्हती.

मंगळवारी भिकनने मला जळगावला सोडले. वाटेत तोच पंप, तोच आकडा. या वेळी तो हसला नाही. पुष्पाने शिदोरीला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दिली होती. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही.

घरी आल्यावर मी जुन्या वहीतला तो धडा काढला. पुरवठ्याची रेघ आणि मागणीची रेघ एकमेकींना जिथे छेदतात, तिथे भाव. आकृती अजूनही बरोबर आहे. पण त्या दोन रेघांच्या मधल्या पांढऱ्या जागेत कोणी उभे असते, हे मला कोणत्याच वर्गाला सांगायचे सुचले नव्हते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पुष्पाचा निरोप आला. सोबत रिकाम्या, धुतलेल्या ताटाचे छायाचित्र होते.

"नानांनी शेवटचा तुकडा आज खाल्ला. जहाज तिथेच आहे."